जिवाची जीभ

सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या एका चर्चमध्ये शनिवारी सकाळी एक म्हाताऱ्या सिस्टर मध्ययुगातल्या ख्रिस्ती साधूंचं लिखाण समजावून सांगायच्या. मी हिंदू, पण नोकरी नुकतीच गेलेली आणि घर खायला उठलेलं, म्हणून जायला लागले. त्या म्हणायच्या, शरीरासारखीच आत्म्यालाही पाच इंद्रियं असतात. त्याच्या जिभेला देवाची गोडी कळते. पण मन आजारी पडलं, की तापात तोंडाची चव जाते तशी तीही जाते.

मला देवाची गोडी नको होती, सूड हवा होता. माझी पुण्याची मैत्रीण माझ्याच टीममध्ये होती. माझं आठ महिन्यांचं काम तिने साहेबांपुढे स्वतःचं म्हणून मांडलं. मला काढलं तेव्हा म्हणाली, "अगं, मला काहीच माहीत नव्हतं." केसाने गळा कापला बाईने.

मला दुसरी, बरी नोकरी लागली. शनिवार सुटले नाहीत, रागही सुटला नाही. दोन वर्षांनी संक्रांतीला ती बिशानला आमच्या फ्लॅटवर आली.

"तिळगूळ घे, गोड बोल," म्हणाली, आणि पाठोपाठ, "अगं, माझी नोकरी गेली. महिन्याभरात दुसरी नाही मिळाली तर व्हिसा जाईल, आम्हाला भारतात परत जावं लागेल. तुमच्याकडे इंटरव्ह्यू झालाय. बॉसकडे शब्द टाकशील?"

"टाकते की," मी म्हटलं, आणि वडी चघळत राहिले.

सोमवारी बॉसने विचारलं. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. तिने माझं काम कसं लाटलं, तेवढंच सांगितलं. बाहेर आले तर तोंड खरोखर गोड झालं होतं. त्या शनिवारी सिस्टरना म्हटलं, माझी आतली जीभ ठणठणीत आहे. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

महिनाअखेर ती मुलीला घेऊन निरोप घ्यायला आली. "आय डोन्ट वॉन्ट टू गो, लाह," मुलगी दारातच मुसमुसत होती. मैत्रिणीने मला मिठी मारली.

"नाही जमलं तर नाही जमलं. तू माझ्यासाठी बोललीस ना! बाकी कोणी साधा फोन उचलला नाही गं."

हाच क्षण मी दोन वर्षं मनात घोळवला होता. तोंडावर सांगायचं, मीच केलं म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वेडी आहेस का? मैत्रिणी कशाला असतात?"