मूळ पाठवतो, काळजी नसावी

माझ्या भावाला पत्र लिहायची भारी हौस, आणि कार्ड केवढं, तर तळहाताएवढं! मोडनिंबाहून सोलापुरात त्याचं कार्ड आलं की मामंजी ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत. निम्मं कार्ड 'कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार' यातच खलास. मग सासूबाईंना नमस्कार, थोरल्या जाऊबाईंना नमस्कार, पाऊसपाणी, म्हैस. जागा संपल्यावर कडेला उभ्या ओळीत, 'मूळ पाठवतो, काळजी नसावी.' मूळ, म्हणजे मला न्यायला माणूस. कधी पाठवतो, ते काही नाही. लिहिलं की काम झालं, असंच त्याला वाटत असावं.

मला सातवा महिना सरत आला होता. पहिलटकरीण मी, मला माझी आई हवी होती, बाकी काही नको होतं. पण माहेरचं माणूस आल्याशिवाय सून धाडायची नाही, हा सासरचा शिरस्ता. आणि एकदा आठवा लागला की बाईला हलवतच नाहीत. बोचकं बांधून मी रोज दाराकडे बघायची. भाऊ काही यायचा नाही, कार्ड यायचं. तेच नमस्कार, तीच म्हैस. त्या म्हशीचासुद्धा मला राग यायला लागला.

मामंजींना म्हटलं, जरा विचारता का त्यांना. तर म्हणाले, "आपण कशाला इचारायचं? पोराकडची माणसं हाय आपण." ओझं माझ्या पोटात आणि मान यांचा!

शेवटी दुपारी सगळे लवंडले तेव्हा कोनाड्यातलं एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'दादा, असशील तसा निघून ये.' वर श्री नाही, खाली नमस्कार नाही. डोकंच तेवढं फिरलं होतं. पाण्याला जाते म्हणून निघाले आणि नाक्यावरच्या लाल पेटीत टाकून आले.

कुर्डुवाडीला गाडी बदलून भाऊ एका सकाळी दारात हजर. डोक्याला पटका नाही, डोळे सुजलेले. आमचे मालक गिरणीत जायला टोपी चढवत बाहेर येत होते. त्यांना बघून तो मटकन पायरीवरच बसला.

"दाजी, तुमी हाय की!" म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

बिनश्रीचं कार्ड आमच्याकडे मयताचंच. ते बघूनच आईनं हंबरडा फोडला होता. जावई गेला, असं धरून अख्खी आळी माहेरच्या दारात जमली होती.

रडू ओसरल्यावर त्याचा पारा चढला. "अगं, वर श्री तरी लिवायचा हुतास! आई तितं ऊर बडवतीया!"

आईचं ऐकून मी आतून बोचकं आणून पायरीवर ठेवलं. पण राग काही उतरला नव्हता.

"लिवला असता," मी म्हटलं, "तर तू आला असतास व्हय?"