डब्यात हाय का?

शाहूपुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांइतका उत्तरांचा कंजूष माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडला नसता. त्यांच्याकडे उत्तरं दोनच, ‘हाय’ आणि ‘न्हाय’. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ‘आमटी कशी झालीय?’ विचारलं की म्हणायचे, “प्रश्न चुकला. मीठ हाय का, असं विचार.” काकू वैतागून तसं विचारायच्या. “न्हाय,” म्हणून सर दुसरी वाटी वाढून घ्यायचे.

दोन हजार सालच्या आसपास ते आम्हांला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत आणि त्यांचा सगळा जीव बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असे. क्लासला आलेल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी त्यात पडायची. एकदा माझ्या नावाची दुसरी चिठ्ठी लिहून त्यांनी वर धरली. “ही डब्यात हाय का?”

“हाय की!” आम्ही ओरडलो.

“यंत्र न्हाय म्हणंल, गाढवांनो! डब्यातली वेगळी, ही वेगळी. सारखं कशाला म्हणायचं, ते त्याला सांगितलंय कुठं? आधी इक्वल्स लिहून ते सांगा, मग कंटेन्सला ‘डब्यात हाय का’ विचारा.” मी मेला दर वेळी इक्वल्स विसरायचो. सर कपाळावर हात मारायचे, “आरं, घरच्या माणसाला दारातनं माघारी धाडशील एक दिवस!”

पुढं मी पुण्यात नोकरीला लागलो. एका दुपारी ऐन मीटिंगमध्ये गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. त्यानं आडनावासकट एक नाव सांगितलं. “या नावाचं कुणी ओळखीचं नाही बुवा,” म्हणून मी फोन आपटला. संध्याकाळी बसमध्ये एकदम चमकलो. क्लासच्या पाटीवर तेच तर नाव होतं! दोन वर्षं त्या पाटीखालून आलो-गेलो, पण तोंडात कायम ‘सर’. फोन करायची लाज वाटली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सहा महिने गेले आणि सरही गेले.

भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “तपासण्यांसाठी पुण्याला गेलतो. म्हणाले, पोराला बघून येतो.”

“चिडले असतील.”

“न्हाय रं. हसत हुते. म्हणाले, चूक माझीच, नुसतं ‘सर आल्यात’ म्हणायला पायजे हुतं.”

काकूंनी तो डबा माझ्यापुढं ठेवला. माझ्या नावाच्या दोन्ही चिठ्ठ्या सरांनी एकाच टाचणीत टोचून ठेवल्या होत्या. मला रडू आवरेना. अजूनही टेबलावरचा फोन वाजला की वाटतं, गेटवरूनच असावा, आणि या वेळी मी म्हणावं, “हाय, माझेच सर हायेत. थांबवा त्यांना, मी खाली येतोय.”