तेलवाल्याचं घड्याळ

भवानी पेठेत माझं चादरींचं दुकान आहे, आणि चादर अस्सल की नक्कल हे सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. गिऱ्हाईक चादरीवरचा मोर बघतं. मी चादर उलटी करतो. अस्सल सोलापुरी चादरीत मागच्या बाजूलाही तोच मोर असतो, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. पुढून कुणीही फसवेल, मागून फसवायला मेहनत लागते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलंय की बायको म्हणते, "पाटीवरच लिहून टाका, तेवढीच तुमच्या घशाला विश्रांती."

एवढा शहाणा मी, पण एका माणसाचं घड्याळ मात्र नुसतं पुढून बघून निकाल देऊन बसलो.

तो केम गावाजवळच्या एका वस्तीवरचा. मालवाहू जहाजावर इंजिनाला तेल घालायचं काम करायचा. जहाजावर अशा माणसाला तेलवालाच म्हणतात. दर खेपेला निघण्याआधी बायकोला घेऊन सोलापूरला यायचा आणि बोटीवरच्या साहेबांना द्यायला माझ्याकडून चादरी न्यायचा. एकदा त्याच्या मनगटावर जाड पोलादी घड्याळ दिसलं. समुद्रात बुडी मारणारे वापरतात तसलं, तीनशे मीटर खोल गेलं तरी आत थेंब शिरू न देणारं. एका साहेबाकडून वापरलेलं घेतलंय, सहा महिन्यांचा पगार गेला, असं तो लाजत म्हणाला. ते घड्याळ मी तोवर फक्त मासिकांतल्या चित्रांत बघितलं होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की बादल्या भरायची धांदल, तिथं तीनशे मीटर पाण्याचं मला काय करायचं होतं कोण जाणे, पण ते हवं असायचं खरं. आणि ते या तेलवाल्याकडं!

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "डुप्लिकेट आहे हो, पण झकास आहे." सगळे हसले. तोही हसला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, त्यानं ही बातमी गावभर केली. सोलापूरच्या शेटनं सांगितलंय म्हटल्यावर संपलंच.

दोन वर्षांपूर्वी तो वारला. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको एकटीच दुकानात आली. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला, डब्यातून रुमालाचं गाठोडं, आणि गाठोड्यातून ते घड्याळ.

"नातीला नर्शिंगला घालायचंय," त्या म्हणाल्या. "ह्ये इकायचंय. पर आदी ह्ये खरं का खोटं त्येवडं सांगा. तुमीच म्हनला हुता की डुप्लिकेट हाय म्हनून. दीर शेवटपत्तूर त्येंना त्यावरनं चिडवत हुता. त्यांनी मला खोटं सांगितलं का, त्येवडं कळलं म्हंजी झालं."

आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं. त्यातच घड्याळ हातात घेतलं आणि जुनी हाव जागी झाली. काय वजन! काचेभोवतीची कडी फिरवली तर टक् टक् करत एकाच बाजूला फिरायची, उलटी म्हटलं तर हलायची नाही. खरं निघालं तर मीच घेतो, असं मी तिथल्या तिथं बोलून गेलो. मग लक्षात आलं की न्यायाधीशही मी आणि गिऱ्हाईकही मीच. हे काही बरं नव्हे.

म्हणून दुसऱ्याला विचारायचं ठरवलं. फोनवर घड्याळवेड्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी नुसता बघ्या. पट्टा काढून बाजूला कोरलेल्या नंबराचा फोटो टाकला, तबकडीचा टाकला. दोन मिनिटांत कुणी एक जाणकार उगवला. नंबर जुन्या काळातला, तबकडीवरची अक्षरं पुष्कळ नंतरच्या धाटणीची, दोन्हींचा मेळ बसत नाही, बहुधा बनावट. घड्याळाचा मूळ डबा आणि कागद आहेत का? कुठले आले कागद! हे काही मी वहिनींना सांगितलं नाही. "उघडून बघावं लागेल," एवढंच म्हणालो.

आमच्या पेठेत जिन्याखाली एका टेबलावर एक म्हातारे घड्याळजी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि खाली ठेवलं.

"नै साब. पीछे बारीक दाते हैं. इसका पाना मेरे पास नै. जबरदस्ती करूंगा तो जखम होगी इसको. चार रोज के बाद आओ."

चार दिवस त्यांनी पितळेची एक कडी घेऊन कानशीनं तिला दाते पाडले, या एका घड्याळाच्या मागच्या दात्यांत बसतील असे. चौथ्या दिवशी वहिनी पुन्हा गाडीनं आल्या. तुम्ही कशाला येता, मी फोन करतो, असं मी आदल्या दिवशी सुचवून बघितलं होतं. "माज्या म्होरंच उगडा," एवढंच उत्तर मिळालं.

चाचांनी हात धुतले, कोरडे केले, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाले आणि पितळी कडी मागं बसवून फिरवली. झाकण सुटलं.

मी आयुष्यात पुष्कळ सुंदर वस्तू विकल्या आहेत, त्यामुळं सहसा माझे डोळे दिपत नाहीत. त्या दिवशी दिपले. अर्ध्या भाकरीसारखं अर्धगोल, इवलंसं वजन आत सैल फिरत होतं आणि त्याखाली चाकांमागून चाकं. त्यांच्या मधोमध लाल माणकं, डाळिंबाच्या दाण्याहून कितीतरी बारीक. कुणाला दिसणार नाही अशा जागीसुद्धा पोलादावर घासून घासून चकाकी आणलेली होती. चाचांनी घड्याळ किंचित हलवलं. डब्यात पडून थांबलेलं त्यातलं एक बारीक चक्र थरथरलं आणि पाखराचं काळीज उडावं तसं भराभर चालू लागलं. आम्ही तिघंही खाली वाकलो होतो.

"असली है," शेवटी चाचा पुटपुटले. "पूरा असली."

मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं, पण तबकडीचा काटा मनात रुतून बसला होता. आतलं यंत्र खरं आणि तोंड दुसऱ्याचं, असं जोडकाम करून तर त्या साहेबानं बिचाऱ्याच्या गळ्यात मारलं नसेल? मी न राहवून चाचांना ते विचारलं, वहिनींच्या देखतच. त्यांनी झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं.

आतल्या बाजूला केसाएवढ्या रेघांनी काहीतरी खरवडलेलं होतं. चाचा म्हणाले, घड्याळ जो कारागीर खोलतो तो आपली खूण आणि महिना-साल आत लिहून ठेवतो. हे लेखन मालकाला कधीच दिसत नाही. पुढचा कारागीरच ते वाचतो. अशा तीन खुणा होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या खुणेत इंग्रजी अक्षरं, मधली चिनी वळणाची. चाचा एकेक साल वाचू लागले. दुसरं साल ऐकताच वहिनींनी मान वर केली.

"ह्ये सिंगापूर आसंल," त्या म्हणाल्या. "थोरली पोरगी त्याच साली झाली. पत्रात लिवलं हुतं की, काच फुटली, खारं पानी आत गेलं, तबकडी सडली, सिंगापुरात घड्याळाच्या कंपनीच्या दुकानात नवी बसवून घेतली. मी लई भांडले हुते. पोरीचं बारसं हितं कसंबसं उरकलं, आन् तुमी तितं घड्याळाचं तोंड सजवत बसलाय व्हय म्हनून."

फोनवरच्या जाणकाराला जो मेळ बसत नव्हता, तो केमच्या वस्तीवरच्या एका बाईच्या जुन्या भांडणात चपखल बसला होता. तेलवाल्याचा एकेक शब्द खरा होता. चाचांनी सुई उचलली आणि तीन खुणांच्या खाली चौथी ओढली. आपलं एक उर्दू अक्षर, महिना आणि साल. मग झाकण बसवलं आणि घड्याळ वहिनींच्या पुढ्यात ठेवलं.

मला बोलायलाच हवं होतं. "वहिनी, त्या दिवशी मी न बघताच बोललो. जळलो होतो मी. माझ्यामुळं त्यांना आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं. आता खरं ठरलंय तर विकू नका, घरात ठेवा. नातीच्या शिक्षणाचं आपण बघू काहीतरी."

"न्हाय शेट," त्या म्हणाल्या. "खरं हाय म्हनून तर देतीया. आता कुनाच्या बी हातात जाऊ द्या, त्येंचं नाव खाली पडायचं न्हाय."

"आणि खोटं निघालं असतं तर?"

"मग इकलंच नसतं की. नातीसाटी शेरडं इकली असती." घड्याळ माझ्याकडं सरकवत त्यांनी रिकाम्या रुमालाची घडी केली आणि ती कमरेला खोचली. "खोटं आसतं तर फसले त्येच की हो. तसल्या मानसाला लोकांनी परत हसावं व्हय? डब्यात घालून मरेपत्तूर संबाळलं असतं. आन् घरी जाऊन त्येंच्या फोटूला सांगितलं असतं, खरंच निघालं म्हनून."