हे गाणं कुठवर जातं?

“हे कुठवर जातं?”

कुठलंही गाणं ऐकवलं की अण्णा डोळे मिटायचे, उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर नाचवायचे आणि आधी हे विचारायचे. गाणं कुणाचं, कुठल्या भाषेतलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मी म्हणायची, “साडेतीन मिनिटांचं आहे, अण्णा.” त्यावर ते नापसंतीनं मान हलवायचे आणि कानडी रीतीनं मला अम्मा म्हणत सांगायचे. “मिनिटं नको सांगू, अम्मा. दूर किती जातं ते सांग. देवळापासून पोस्टापर्यंत पोचवतं, का मधेच सोडतं?”

चाळीस वर्षं ज्यानं वरातीपुढे तीन बोटांनी ट्रंपेटच्या कळा दाबल्या, त्यानं गाणं असंच मोजायचं. अण्णा बँडमास्तर होते. चामराजपेटेतल्या गल्ल्या त्यांना घरांवरून नाही, सुरांवरून पाठ होत्या. अमुक गाणं दोन खांबांचं, तमुक गाणं चढावरचं, आणि एक तर म्हणे खास घोडा अडून बसला की वाजवायचं.

मी मूळची नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूत आले, ऑफिस मारतहळ्ळीला. इंग्रजी पाटीवर त्या नावात ‘मराठा’ दिसतं, त्यावरून मला उगीच वाटलं होतं, की तिथे पावलोपावली मराठी माणूस भेटेल. वर्षभरात एकही भेटला नाही, आणि मग कुणीतरी चामराजपेटेतल्या एका मराठी घराची गच्चीवरची खोली सुचवली. ऑफिसला जायला दोन बस लागणार होत्या, तरी मी ती घेतली. खाली अण्णा आणि अक्का राहायचे. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, की मूळ गाव विचारलं तर अण्णा गंभीरपणे म्हणायचे, “चामराजपेट.”

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो बसल्या जागी काहीच करू शकत नाही. अण्णा फोनवर बोलताना चालायचे, पेपर वाचताना चालायचे. अक्का म्हणायच्या, “ह्यांचं जेवण पण वरातच हाय. घास घेतात अन् अंगणात जाऊन येतात.”

मी गाते, म्हणजे ऑफिसच्या कार्यक्रमांत गाते. शेजारच्या टेबलावर नंतर आलेला केदार पुण्याचा. तो कोडपेक्षा संगीताच्या सॉफ्टवेअरवर जास्त वेळ घालवायचा. आम्ही दोघांनी ठरवलं, की एक गाणं करायचं आणि स्वतःच नेटवर टाकायचं. कसं, तर मनाला उभारी देणारं. मी झपाट्यानं शब्द लिहिले. त्यांत आकाश होतं, पंख होते, भरारी तर तीनदा होती. केदारनं चाल केली, आणि आम्ही स्वतःवर खूश होऊन ते अण्णांना ऐकवायला बसलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तीन बोटं थोडी नाचली आणि थांबली.

“सगळे उडतायत,” ते म्हणाले. “चालणारं कोण नाही काय ह्यात?”

केदार हिरमुसला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “चाल बरी आहे रे. पण वळण कुठं आहे? वरात नव्या गल्लीत वळली की जोरात वाजवायचं असतं. तिथली माणसं अजून घरात आहेत, त्यांना बाहेर काढायचं आहे. तुझं गाणं एकाच रस्त्यानं चाललंय. बाल्कनीत कोण येणार?”

आणि त्यांनी तोंडानंच ते वळण गाऊन दाखवलं. नुसते सूर, शब्द नाहीत. केदारनं घाईघाईनं फोनवर रेकॉर्ड केलं, आणि वर पाहिलं तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. माणूस बाहेर आला होता.

त्याच रात्री मी सगळे पंख खोडले. बसस्टॉपपर्यंत चालणाऱ्या, जिना चढणाऱ्या, दमून कठड्याला टेकणाऱ्या माणसांचं गाणं लिहिलं. वळणावर ट्रंपेट हवं, हे उघड होतं. आणि ते कुणी वाजवायचं, हेही.

अण्णा मात्र “बघू, बघू” करत टाळू लागले. खरं कारण मला अक्कांनी सांगितलं. अण्णांचा वरचा समोरचा दात हलत होता, आणि डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी तो काढायचं ठरवलं होतं. ट्रंपेट वाजवणाऱ्याचा समोरचा दात गेला की त्याची फुंक गेली. कवळी बसवली तरी तो जोर परत येत नाही, असं अण्णांचं म्हणणं होतं. बँड तर चार वर्षांपूर्वीच बंद पडला होता. तरी रोज दुपारी ते ट्रंपेट पुसायचे, दोन सूर वाजवून परत पेटीत ठेवायचे.

“जुनं काही रेकॉर्ड केलेलं असेल ना?” मी विचारलं.

अक्कांनी एका वरातीचा व्हिडिओ लावून दाखवला. लाल कोटातले अण्णा गाल फुगवून वाजवत होते, आणि ऐकू येत होतं भलतंच कुठलं तरी सिनेमातलं गाणं. व्हिडिओ करणारे बँडचा आवाज काढून टाकतात आणि वर दुसरं गाणं चिकटवतात, ही तेव्हा पद्धतच होती. चाळीस वर्षं हा माणूस वाजवत होता आणि त्याचा एक सूरही कुठे उरलेला नव्हता. मी व्हिडिओ थांबवला. “अक्का, तुम्ही तरी ऐकलंय ना त्यांना?”

“पेटीतले दोन सूर,” त्या म्हणाल्या. “बँडवाल्यांच्या बायका वरातीत कुठं जातात? तालीम बँडच्या दुकानात. माझ्या लग्नात ह्यांचे दोस्त वाजवले, हे घोड्यावर होते.”

मी अंगणात जाऊन अण्णांना सांगितलं, की सोमवारच्या आत वाजवायचं. ते हसले. जिभेनं दात चाचपून म्हणाले, “सरी, चालेल. ह्याला विचारतो.”

शनिवारी आम्ही त्यांना केदारच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर नेलं. केदारनं कपाटाभोवती रजया लटकवून स्टुडिओ केला होता. अण्णा त्यात हेडफोन लावून उभे राहिले आणि वाजेचना. सूर येत होते, पण थकल्यासारखे, एकेक सुटे. केदारनं हेडफोनचा आवाज वाढवला, कमी केला. शेवटी वळण आलं आणि अण्णा सवयीनं चालू लागले. हेडफोनची वायर ताणली गेली, त्यासरशी चहाचा कप आडवा झाला आणि एक रजई त्यांच्या अंगावर आली. रजईच्या आतून आवाज आला, “उभ्यानं श्वास येत नाही, अम्मा. पाय चालले की फुंक चालते.”

आम्हा दोघांना कधी सुचलं नव्हतं, इतकं ते सरळ होतं.

रविवारी पहाटे आम्ही गल्लीत उतरलो. केदारनं फरशी पुसायच्या दांड्याला माईक बांधला होता. त्याला वारा लागू नये म्हणून वर माझा लोकरी मोजा चढवला होता. ठरलं असं, की अण्णा देवळापासून चालत वाजवणार आणि केदार त्यांच्यापुढे दांडा धरून उलटा चालणार. अण्णा बाहेर आले ते लाल कोट घालून, टोपीसकट. “आवाजच घ्यायचाय, अण्णा,” केदार म्हणाला. “कोटाशिवाय आवाज?” अण्णांनी उलट विचारलं.

पहिल्यांदा कुत्रं भुंकलं. दुसऱ्यांदा पालेभाजीवालीनं नेमकं वळणावर “सोप्पू!” म्हणून असा सूर लावला, की अण्णांनी ट्रंपेट खाली घेऊन तिला दाद दिली. दोन्ही वेळा ते परत देवळापाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी रुमाल ओठांना लावला, तेव्हा त्यावर रक्ताचा ठिपका होता. मी म्हटलं, “अण्णा, राहू दे.” त्यांनी केदारकडे बघून हातानं मागे सरक म्हणून खूण केली. “अजून स्वल्प. अजून स्वल्प मागं जा रे.”

तिसऱ्यांदा ते जमलं. कसं जमलं ते मला सांगता येणार नाही. गल्ली वळली, अण्णांनी छाती भरून घेतली आणि तो सूर असा उठला, की एकामागून एक खिडक्या उघडल्या. कुणी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलं, कुणी कॉफीचा पेला घेऊन. केदार उलटा चालता चालता एका स्कूटरला धडकला, पण दांडा सोडला नाही. गाणं विजेच्या खांबापाशी संपलं. अण्णा थांबले नाहीत. माईक चालूच ठेवून केदार आधी दारापाशी जाऊन उभा राहिला. ट्रंपेट छातीशी धरून, मुकाट्यानं, त्याच ठेक्यात आपल्या घरापर्यंत चालत गेले. दारात अक्का उभ्या होत्या. त्यांच्यासमोर थांबून अण्णांनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला, वरात पोचल्यावर करतात तसा.

अक्का पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, “चाळीस वर्षं लोकांच्या दारात गेलात. आमचं दार आज सापडलं काय?”

मी तर रडत होते. केदार गुडघा चोळत होता.

सोमवारी दात गेला. गुरुवारी केदारनं गाणं आणून ऐकवलं. शब्द माझे, आवाज माझा, पण खरं गाणं वळणावरच सुरू होत होतं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि गालाला धरलेला हात खाली घेतला.

“पुढचं कुठं गेलं?”

“पुढे काय, अण्णा? नुसती पावलं होती, ती मी काढली,” केदार म्हणाला.

“वाजवणाऱ्यानं माणसाला रस्त्यात सोडायचं नसतं,” अण्णा म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द निसटत होते, पण त्यांचा चेहरा मी इतका कडक कधी पाहिला नव्हता. “सूर संपला तरी दारापर्यंत जायचं.” केदारनं पावलं परत जोडली. गाण्याचं नाव आम्ही ठेवलं, ‘अजून स्वल्प’.

नेटवर टाकल्यावर पहिले काही दिवस फक्त आमचे नातेवाईक ऐकत होते. नागपूरच्या आत्यानं “स्वल्प म्हणजे काय गं?” असं विचारलं. “कानडीत थोडंसं,” मी कळवलं. पुण्याच्या एका सज्जनांनी कळवलं, की शेवटी बुटांचा आवाज राहून गेला आहे, तेवढा दुरुस्त करावा.

मग बेंगळुरूतल्याच हेब्बाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी ते गाणं लावलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना त्या चालायला शिकवतात. त्यांनी एका आजोबांचा व्हिडिओ टाकला. वॉकर धरून ते कॉरिडॉरमध्ये चालले आहेत, वळणावर ट्रंपेट उठतं आणि आजोबा मान ताठ करतात. तो व्हिडिओ कुठून कुठे गेला, ते आम्हालाही कळलं नाही. कुणी बाळाच्या पहिल्या पावलांना ते गाणं लावलं, कुणी शाळेच्या कवायतीला. ज्यांना मराठीतलं अक्षर कळत नाही तेही गुणगुणू लागले. आमच्या कोपऱ्यावरचा ऑटोवाला मला पाहून ट्रंपेटचा सूर तोंडानं काढायचा. एका लग्नात तर डीजेनं ते वरातीत लावलं. अण्णा फुटपाथवर उभे राहून बघत होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की नाचणारे वळणावर चुकले.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हेब्बाळला बोलावलं. अण्णा अर्थातच लाल कोटात आले. तिथे एक बाई होत्या, त्या चार पावलं टाकून रडायला लागायच्या. गाणं लावलं. अण्णा त्यांच्यापुढे गेले आणि तोंड त्यांच्याकडे करून उलटे चालू लागले, केदार चालला होता तसे. तीन बोटं हवेत नाचत होती. सूर संपला आणि बाई मधेच थबकल्या. स्पीकरमधून फक्त पावलं ऐकू येत होती. अण्णांनी एक हात पुढे केला. “अजून स्वल्प, अम्मा. दार आलं की.” बाई चालल्या. दारापर्यंत गेल्या. अण्णांनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला, आणि कॉरिडॉरभर टाळ्या झाल्या. परतताना बसमध्ये अण्णा हसत होते. कवळी दिसेल म्हणून एरवी ते तोंड मिटून हसायचे. त्या दिवशी विसरले.

अण्णा गेले त्याला आता वर्ष झालं. एका दुपारी ट्रंपेट पुसून झालं, पेटी बंद केली, आणि आरामखुर्चीत टेकले ते तसेच. आयुष्यभर एका जागी न बसलेला माणूस. खरं सांगते, मला अजून ते पटत नाही.

मी अजून गच्चीवरच राहते. रोज संध्याकाळी खालून गाणं ऐकू येतं. अक्कांना फोनवर तेवढंच लावता येतं. एकदा मी खाली गेले, तेव्हा गाणं नुकतंच संपलं होतं. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “वाजवणं मला काय कळत न्हाई. चाळीस वर्षं मी ह्यांची पावलंच ऐकले.”

फोनमधून पावलं जवळ येत होती. अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि दार उघडायला गेल्या.