पोह्याच्या ठेल्यावरचं नागपूर

कोल्हापूरहून गाडी सुटताना बाबांनी खिडकीतून बजावलं, "या वर्षी नाही झालं, तर सोमवारपासून पतसंस्थेत कामाला." संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी पुण्यानं मला आधीच नाकारलं होतं. उरलं होतं फक्त नागपूर. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघूच.

नागपुरात उतरले तर सकाळीच ऊन चटके देत होतं. विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागात मुलाखतीची रीतच न्यारी. विभागप्रमुख सरांनी प्रत्येकाला एकेक प्रश्न देऊन बाहेर पिटाळलं. मला मिळाला, "नागपूरची माणसं सकाळी काय खातात?"

हे तर सोपंच! धरमपेठेत एका ठेल्यावर (हातगाडीवर) झुंबड होती. येईल त्याला विचारत सुटले. सगळ्यांचं उत्तर एकच, तर्री-पोहे. मीही घेतले. तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) पहिल्याच घासाला नाकात गेली. कोल्हापूरची असून डोळे पुसत उभी राहिले, याची फार लाज वाटली.

"पाणी देऊ का वं, पोरी?" ठेल्यावरच्या काकू हसल्या. "दोन दिवस खा, सवय होते."

परत जाऊन ऐटीत सांगितलं, "सर, सगळे पोहे खातात."

"विचारलं कुठं?"

"पोह्याच्या ठेल्या..." बोलता बोलताच चूक लक्षात आली.

"पोह्याच्या ठेल्यावर उभी राहून पोहे कोण खाते, हे विचारून राहिली होती का वं तू?" सर हसलेसुद्धा नाहीत. "जा आता. पुढच्या वर्षी ये."

रडू आलं. त्याहून जास्त राग आला, तो स्वतःचाच. पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच. "विभाग बंद व्हायच्या आत पुन्हा येते, सर," म्हणाले आणि ते नको म्हणायच्या आत जिना उतरले.

मग वस्त्या बदलत गल्लोगल्ली फिरले. दर तिसरं दार वाजवायचं, आवडतं दार निवडायचं नाही. एका आजोबांनी "काही घ्यायचं नाही!" म्हणून हाकललं. चपलेचा अंगठा तुटला. एका मावशींनी आधी पाणी दिलं, मग उत्तर. "आमच्या घरी कुठचे पोहे वं! हे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रातपाळी करून येतात. त्यायले सकाळी वरण-भातच लागते." पुष्कळ दारं उघडलीच नाहीत.

पाय ओढत पोचले तेव्हा सर कुलूप लावत होते. "मग, काय खातात?"

"कुणी पोहे, कुणी रात्रीची पोळी, कुणी वरण-भात. पण सर, उघडलेल्या दारांपुरतंच सांगते. बंद दारांचं मला माहीत नाही."

सरांचा हात कुलपावरच थांबला. "हे सकाळीच काहून नाही बोलली वं?" आणि मग पहिल्यांदाच हसले. "जुलैत बोऱ्याबिस्तर घेऊन ये."

परतीच्या गाडीत वर्धा मागे पडल्यावर आईचा फोन आला. "कशी आहेत गं नागपूरची माणसं?"

लई चांगली, असं अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली.

"एका दिवसात कसं सांगू? दोन वर्षं राहते तिथं, मग सांगते."

आईनं बाबांना मारलेली हाक अख्ख्या डब्यानं ऐकली.