बसायला जागा नसलेली गाडी

आमच्या आणि धाकट्या दिरांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. त्या भिंतीने मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेने शिकवलं नाही. शाळेत मी चारच वर्षं होते, भिंतीपाशी चाळीस. एका सकाळी भांडी घासत होते तर पलीकडून माझ्या धाकट्या जावेचा आवाज आला.

"जिच्यावर बसायला जागाच नाही, ती गाडी म्हणे! मग मी कुठे बसू? हँडलवर?"

"अगं, तिच्यावर कुणीच बसत नाही. उभं राहून चालवतात."

"उभंच राहायचं तर बसचा पास काय वाईट आहे? रोज उभेच तर असता!"

मी नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात पुढचं बुडालं असतं.

"तुला नाही कळायचं," भावजी म्हणाले.

"मला कसं कळेल? लग्नाला चौदा वर्षं झाली. शिलाईच्या कारखान्यातून रोज अर्धा तास पाय ओढत येते. म्हटलं, कधीतरी हा माणूस गाडी घेईल, मी मागे बसेन, चार बायका बघतील. आणि ह्यांनी शोधून शोधून काढली काय, तर बिनसीटची!"

यावर भावजी गप्प. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून धाकटीला भांडण एकटीनेच पार पाडावं लागे आणि त्याचा तिला आणखी राग येई.

भावजी दगडखाणीच्या काट्यावर कामाला होते. तो काटा म्हणजे ट्रकच्या ट्रक तोलायचा, जमिनीत बसवलेला लोखंडी ओटा. रिकामा ट्रक आला की त्याचं वजन, भरून निघाला की पुन्हा वजन, मधला फरक तो माल. भावजी खिडकीत बसून आकडा वाचायचे आणि चिठ्ठी फाडून द्यायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून मिशीपर्यंत पांढरे. धाकटी म्हणायची, "सकाळी नवरा पाठवते, संध्याकाळी सासरा परत येतो."

खाणीचा एक भाग काम संपून पडीक झाला होता. एका रविवारी तिथे पंधरा-वीस माणसं खेळायला येणार होती, त्यांना फाटक उघडून द्यायला मालकाने भावजींना पाठवलं. फाटक उघडायला दोन मिनिटं लागतात. भावजी दिवेलागणीला परत आले, तेही न जेवता.

"वहिनी, त्यात घाईच नाही हो," पायरीवर बसून मला सांगू लागले. घरात सांगायची सोय नव्हती. "शर्यत नाही, काही नाही. दोन दोऱ्यांच्या मधून गाडी न्यायची. वाटेत दगड, चिखल, चढ. फक्त पाय टेकवायचा नाही. टेकला की एक मार्क, पडलात की पाच."

"म्हणजे पडणारा जिंकला?"

"नाही, उलटं. ज्याला शून्य तो पहिला."

हा नियम आमच्या शाळेत असता तर मी आज फार शिकलेली बाई असते.

"एक माणूस कमरेएवढ्या दगडासमोर थांबला," भावजी सांगत होते. "गाडी सुरू, पण जागची हलत नाही. दोन्ही पाय वर. नुसता दगडाकडे बघत राहिला. आणि मग गाडी अशी चढली, वहिनी, जशी मांजर ओट्यावर चढते."

भावजी तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या तोललेल्या, स्वतःची एकही नाही. त्या संध्याकाळपासून त्यांना तेवढं एकच हवं होतं. आपली एक तसली गाडी, आणि एकदा तरी दोऱ्यांच्या मधून पाय न टेकता पार व्हायचं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण रोज कामावरून आल्यावर चहाचा कप हातात घेऊन ते अंगणाच्या एक फूट उंच कठड्याकडे असे बघत बसायचे की मला कठड्याचीच दया यायची.

नव्या गाडीची किंमत ऐकून आमचे हे म्हणाले, "एवढ्यात सीटसकट दोन येतील." भावजींनी जादा पाळ्या करून साठवले होते ते त्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे जुनीच बघायची. खेळणाऱ्यांमध्ये एक चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी सांगितलं, "पहिली गाडी हलकी घ्या, इंजिन लहान चालेल. तुम्ही पडणार, ती उचलणारही तुम्हीच. आणि सगळे पैसे गाडीत ओतू नका. बूट, हेल्मेट, टायर, पाचवा हिस्सा त्याला राखून ठेवा."

सल्ला चोख होता, पण दोन्ही गोष्टी एकदम जमेनात. बाजारात गाड्या सापडल्या दोन. एक त्या मास्तरांचीच जुनी, खरी ट्रायल्सची, म्हणजे ह्याच खेळासाठी बनवलेली. ती घेतली असती तर पैसे तिथेच संपले असते, बूट काही आले नसते. दुसरी गॅरेजवाल्याने स्वतः बनवलेली. साध्या मोटरसायकलची सीट काढलेली, मागे चेनची मोठी चकती, हँडल रुंद. ती निम्म्या किमतीत.

आता कुणीही दोन्ही गाड्या चालवून बघितल्या असत्या. भावजी पडले काट्याचे माणूस. त्यांनी मास्तरांना आणि गॅरेजवाल्याला विनवण्या करून दोन्ही गाड्या खाणीवर आणवल्या आणि ट्रकच्या काट्यावर एकेक करून उभ्या केल्या. पहिली शंभर किलो, दुसरीही शंभर किलो.

"बघा!" गॅरेजवाला म्हणाला. "सारखीच आहे. मग दुप्पट पैसे कशाचे? रंगाचे?"

मास्तर म्हणाले, "हँडल धरून उचलून तर बघा."

पण डोळ्यांसमोर आकडा असताना भावजी हातावर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. त्यांनी गॅरेजवाल्याची गाडी घेतली. उरलेल्या पैशांत बूट आले, हेल्मेट आलं, आणि धाकटीसाठी एक छत्रीसुद्धा आली. तिने ती तीन दिवस उघडली नाही.

पहिल्याच रविवारी गाडी गुडघाभर दगडावर चढवताना अंगावर आली. दुसऱ्या रविवारीही आली. तिसऱ्या रविवारी भावजींनी ती ढकलत भंगारवाल्याकडे नेली. भंगारवाल्याला वाटलं विकायला आणली. त्यांना फक्त त्याच्या काट्यावर ठेवायची होती. एकशे नऊ किलो भरली. तिथून ते तडक मास्तरांकडे गेले. मास्तरांची गाडी आदल्याच दिवशी दुसऱ्या गावचा माणूस घेऊन गेला होता. नेताना त्याने ती लहान काट्यावर तोलून घेतली होती. एक्क्याण्णव.

ट्रकचा काटा वीस-वीस किलोंनी पुढे सरकतो. ऐंशी, शंभर, एकशे वीस. मधलं काही त्याला दिसतच नाही. ट्रकला वीस किलो म्हणजे काय, ड्रायव्हरच्या डब्याचं आणि पोटाचं वजन. हे भावजींना माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं तोच आकडा वाचून वाचून माणूस काट्याला देव मानायला लागतो.

हे कळल्यावर धाकटी हसेल असं मला वाटलं. हसली नाही. कारखान्यातल्या जाड कापडाच्या चिंध्या आणून तिने गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या शिवल्या आणि त्यांच्यापुढे टाकल्या. म्हणाली, "घ्या. गाडीला सीट नाही, निदान गुडघ्यांना तरी असू दे."

ती जड गाडी भावजींनी अकरा वर्षं चालवली. पाय टेकायचाच. एकदा दोन मार्कांपर्यंत आले होते, त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला दोन घास जास्त खाल्ले. शून्य कधी झालं नाही.

पण त्या फसगतीतून वेगळंच काही सुरू झालं. ज्याला पहिली गाडी घ्यायची आणि खिसा लहान, तो भावजींना बरोबर नेऊ लागला. हा माणूस एकदा फसलाय, म्हणजे ह्याला कळतं, असा लोकांचा हिशोब. भावजींनी माणसं उभी राहून वजन करतात तसला लहान काटा घेतला आणि त्याच जाडीची एक फळी कापून घेतली. पुढचं चाक काट्यावर, मागचं फळीवर; मग उलट; दोन्हींची बेरीज. त्यानंतर गाडीखाली आडवं होऊन इंजिनाखालचा पत्रा बघायचा, कुठे चीर आहे का. चाकाच्या तारा एकेक करून बोटाने वाजवायच्या, ढिली असेल ती बद्द वाजते. सगळं झाल्यावर विकणाऱ्याला अशा सुरात किंमत सांगायची की जणू त्याचाच फायदा बघतोय.

त्यांना स्वतःसाठी तसलीच हलकी गाडी हवी होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चांगली जुनी गाडी वर्षातून एखादीच निघते. आणि निघाली की तिचा पत्ता दुसरंच कुणी घेऊन यायचं. "भाऊ, जरा बघायला चला ना." भावजी जायचे. गाडी चांगली असली की ती त्याची व्हायची.

एकदा मी न राहवून म्हटलं, "भावजी, ती परवाची तुम्हीच का नाही घेतली? पैसे होते की."

"काट्यावरच्या माणसाने तोललेला माल घ्यायचा नसतो, वहिनी. मी घेतला, की मी सांगितलेल्या वजनावर उद्या कोण विश्वास ठेवेल?"

खाणीवर हा रिवाज होता. अंगणातल्या फरशीचा दगडसुद्धा त्यांनी दुसऱ्या खाणीतून पूर्ण भाडं भरून आणला होता. तोंडाने बोलायला रिवाज सोपा असतो. मी मात्र त्यांचा चेहरा बघत होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा असतो तसा. सगळ्यांना वाढतो, आणि त्याची पाळी येईपर्यंत पातेलं रिकामं.

निवृत्त झाले त्या वर्षी धाकटीने शिलाईतून बाजूला ठेवलेली रक्कम त्यांच्यासमोर ठेवली. मी तिथेच होते, भिंतीची गरज पडली नाही.

"घेऊन टाका एकदाची," ती म्हणाली. "मला काही मागे बसायचं नाहीये आता. कंबर धरते."

"मिळायला हवी," भावजी म्हणाले.

"मिळते हो. तुम्हीच वाटून टाकता."

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. हृदय थांबलं, दुपारी, आरामखुर्चीत. शेवटच्या वेळी कुणाची गाडी बघायला गेले होते तेव्हा मीही बरोबर होते, म्हणून हे लिहिते आहे. मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि गाडी विकणाऱ्याचं घर त्याच रस्त्यावर. भावजींना बोलावलं होतं सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने. तीस-बत्तीसची असेल. रात्रपाळी संपवून तशीच आली होती, डोळे लाल, पण गाडीकडे बघताना सगळी जागी.

गाडी पडवीत उभी होती. लहान इंजिन, निळी टाकी, एकाच मालकाने वापरलेली. भावजींनी पिशवीतून काटा काढला, फळी काढली. पुढचं चाक, मागचं चाक. मनात बेरीज केली आणि एरवी आकडा मोठ्याने सांगतात तसा सांगितला नाही. खाली आडवे झाले, पत्रा बघितला, पुसून पुन्हा बघितला. तारा वाजवल्या. सगळ्या एका सुरात. मग हँडलवर हात ठेवून जरा वेळ तसेच उभे राहिले.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "भावजी, ह्या खेपेला राहू दे तो रिवाज. पोरीला दुसरी मिळेल. तिच्यापुढे आयुष्य पडलंय."

"वहिनी, मला तिने बोलावलंय," ते तितक्याच हळू म्हणाले.

मग वळून त्या मुलीला म्हणाले, "चौऱ्याहत्तर किलो. घ्या. यापेक्षा चांगली तुम्हाला या पैशांत मिळायची नाही."

"काका, पण ते सांगतात तेवढे दिले तर माझ्याकडे काहीच उरत नाही."

"मग तेवढे द्यायचे नाहीत. पाचवा हिस्सा बुटांना ठेवायचा. बूट आधी, आरसे-बिरसे नंतर."

"ह्या गाडीला आरसे नसतातच, काका."

"तेच म्हणतोय मी. तेवढी बचत."

विकणारा आतून चहा घेऊन आला. भावजींनी तो बशीत ओतून घेतला, चहा चांगला झालाय म्हणाले, त्याच्या पत्नीच्या तब्येतीची चौकशी केली. मग किमतीवर आले. पाऊण तास चाललं. विकणारा दोनदा उठला आणि दोनदा बसला. शेवटी भाव ठरला तो त्या मुलीच्या पैशांत बसून बुटांपुरतं उरेल असा. भावजींनी कागद मागून त्यावर मुलीला लिहून दिलं. कुठलं तेल घालायचं, किती दिवसांनी चेन ताणायची, टायरात हवा किती कमी ठेवायची. खाली सही केली, काट्यावर करायचे तशी, तारीख आणि वेळ घालून. काटा पिशवीत ठेवला, वर फळी ठेवली आणि मला म्हणाले, "चला वहिनी, तुमच्या डॉक्टरांची वेळ होईल."