बिनगुळाची वांगी

वारज्याच्या वाईन शॉपमधले ते गृहस्थ बाटली देण्याआधी विचारतात, "जेवायला काय?"

परवा मी अर्जेंटिनाची माल्बेक, ती दाट लाल वाईन, मागितली. "भरली वांगी," म्हणालो.

"गूळ घालता?"

"अहो, आम्ही कसब्यातले. घालणारच."

बाटली फळीवर परत गेली. "मग नको. गोडाबरोबर ही कडू लागते."

मी हट्टाने नेली आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी बिनगुळाच्या, खरपूस खोबऱ्याच्या वांग्यांबरोबर तीच उरलेली वाईन पिकल्या जांभळासारखी लागली.

थक्क होऊन दुकानात जाऊन विचारलं, "तुम्ही रोज घेता?"

"आजवर थेंबही नाही. गिऱ्हाइकं येऊन सांगतात, ते लक्षात ठेवतो."

मग हातातलं फडकं बाजूला ठेवून ते पुढे झुकले. "हं, सांगा. आधी वास कसला आला?"